पळसाच्या पानातला कान

गेल्या मार्चमध्ये नातीला घेऊन ताडोबाला गेलो होतो. मोहर्लीच्या फाटकातून पहाटेची जिप्सी पकडली. नातीच्या गळ्यात तिच्या बाबांचा कॅमेरा होता. वाघ दिसणार आणि आपण त्याचा फोटो काढणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तास झाला, दीड तास झाला, वाघाचा पत्ता नाही. पोर कंटाळली. तेव्हा आमचा वाटाड्या मागे वळून हळूच म्हणाला, "डोरे राहू द्या साहेब, आता कान लावा."

झाडीपट्टीत 'ळ'चा 'र' होतो. त्या 'डोऱ्यां'नी मला एकदम चाळीस वर्षं मागं नेलं. पण ते नंतर सांगतो.

आम्ही कान लावले. आधी झाडावरचं वानर खाकरलं. मग डावीकडून चितळाचा तीक्ष्ण, शिट्टीसारखा आवाज आला. थोड्या वेळानं खाली नाल्याच्या बाजूनं सांबराची जड 'ढांक' ऐकू आली, आणि वाटाड्यानं बोट ओठांवर ठेवलं. वानर उगीचही ओरडतं, पण सांबर सहसा खोटं बोलत नाही, हे इथलं पोरगंही सांगेल. मग सगळं शांत झालं. पक्षीसुद्धा गप्प. त्या शांततेत वाळक्या सागाच्या पानांवर काहीतरी चालत गेलं. चर्र... चर्र... आणि थांबलं.

वाघ शेवटपर्यंत दिसला नाही. पण रात्री नात फोनवर आईला सांगत होती, "आई, आम्ही वाघ ऐकला!"

वाचकहो, चांगल्या चित्रपटाचा प्रसंग आपल्यावर असाच काम करतो. आपण म्हणतो, 'सिनेमा पाहिला.' खरं तर निम्मा पाहिलेला असतो आणि निम्मा ऐकलेला. रंग, कॅमेरा आणि आवाज या तिघांनी मिळून आपल्याला काहीतरी सांगितलेलं असतं आणि संवादाला त्याचा पत्ताही नसतो. मी चित्रपटांचा जाणकार नाही. पस्तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केली आणि उरल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढंच. पण या तिघांकडे नीट न पाहिल्याची किंमत एकदा दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

जंगल हिरवं नसतं

आधी रंगाचं बोलू. शहरातल्या मुलाला जंगलाचं चित्र काढायला सांगा, तो हिरवी कांडी संपवतो. आमचं चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल मार्चमध्ये हिरवं नसतंच. साग पानं टाकून उघडा पडलेला असतो, जमीन तांबूस तपकिरी दिसते, आणि मधूनच पळस पेटलेला असतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचे काळे गोल डाग. हिरवा रंग येतो तो पावसाळ्यात, आणि येतो तेव्हा असा येतो की रस्ते, नाले, गावं सगळं गिळून टाकतो. इथल्या माणसाला हिरवा रंग दिसला की त्याला निसर्गशोभा आठवत नाही. पर्लकोटेला पूर आला, भामरागड तुटलं, हे आठवतं.

जुन्या हिंदी चित्रपटांतलं जंगल मात्र बारमाही हिरवंगार आणि त्यात ढोल वाजवणारे पिसंधारी आदिवासी. म्हणून २०१७ साली अमित मसुरकरांचा 'न्यूटन' पाहिला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. दंडकारण्यातल्या ७६ मतदारांच्या केंद्रावर मतदान घ्यायला निघालेल्या एका सरळमार्गी सरकारी कारकुनाची ही गोष्ट. चित्रीकरण छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरा भागात झालं. पण ते आपलंच रान वाटतं, कारण राज्याची सीमा झाडांना ठाऊक नसते.

त्या चित्रपटात निवडणूक कर्मचारी जवानांच्या पहाऱ्यात पायी निघतात तो भाग आठवा. हिरवा रंग तिथं दोन ठिकाणी आहे, झाडांत आणि जवानांच्या चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशात. हे दोन हिरवे एकमेकांत मिसळतात. मधे न्यूटन, साध्या शर्टावर चिलखती जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण. झाडीत त्याचा पोशाख मिसळत नाही. हा माणूस इथला नाही आणि ज्यांच्याबरोबर चालला आहे त्यांच्यातलाही नाही, हे आपल्याला कळून चुकतं. कुणीही तसं बोलून दाखवलेलं नसतं. शिवाय हिरव्यात हिरवं लपतं म्हटल्यावर आपला डोळा आपोआप झाडांमागं कुणीतरी शोधू लागतो. भीती दाखवावी लागत नाही, प्रेक्षक ती स्वतःच शोधून काढतो.

रंगाचं दुसरं उदाहरण दोन दगडांचं. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर' (१९७४) मध्ये शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावतो आणि सगळा पडदा लाल होतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटी जब्या दगड मारतो, तो थेट आपल्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो. लाल पडदा पाहताना वाटतं, आता पुढं काहीतरी घडणार. काळ्या पडद्यापुढं बसलो की वाटतं, दगड मलाच लागला. दोन्हीकडे हातात दगडच आहे. मग फरक कशानं पडला? रंगानं, आणि दगड कुणीकडे फेकला गेला त्यानं. म्हणजे कॅमेरा कुठं ठेवला होता, त्यानं.

कॅमेरा कुणाच्या बाजूनं?

आमच्या झाडीपट्टीला नाटकाचं वेड. दिवाळी संपली की देसाईगंज-वडशाला नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या गजबजतात आणि होळीपर्यंत गावोगावच्या मंडपांत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा आमच्या भागात घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. नोकरीत असताना मी अशी कितीतरी नाटकं घोंगडी पांघरून पाहिली. खलनायक आला की लाल दिवा, करुण प्रसंगाला निळा. मागच्या ओळीतल्या म्हातारीलाही कळलं पाहिजे, म्हणून सगळं ठळक आणि खणखणीत.

नाटकात कुणाकडे बघायचं हे प्रेक्षक ठरवतो. नायक बोलत असताना तुम्ही खुशाल कोपऱ्यातल्या शिपायाकडे बघू शकता. चित्रपटात ती मुभा नाही. कॅमेरा दाखवील तेच आणि तेवढंच दिसतं. त्यामुळे कॅमेरा कुठं उभा आहे, हा नुसता तंत्राचा प्रश्न राहत नाही. पंच कुठं बसला आहे, असा तो प्रश्न असतो.

कॅमेरा खाली ठेवून वर पाहिलं की साधा माणूसही उंच दिसतो. वरून खाली पाहिलं की पैलवानही केविलवाणा होतो. जवळ गेलं की माणसाचं मन दिसू लागतं, दूर गेलं की त्याची परिस्थिती. एवढी चार वाक्यं मुलांना सांगितली तरी त्यांचं सिनेमा पाहणं बदलतं.

'फँड्री'तलाच प्रसंग पाहा. जब्याचं कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला धावतं आहे आणि गावची पोरं हसताहेत. ऐन वेळी शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरची माणसंही उभी राहतात. पुढं ते डुक्कर काठीला टांगून नेलं जातं, ते शाळेच्या भिंतीवरच्या डॉ. आंबेडकरांच्या आणि इतर थोर पुरुषांच्या चित्रांसमोरून. कॅमेरा तिथं भाषण करत नाही. एका चौकटीत भिंत आणि तिच्यासमोरून जाणारी माणसं दाखवतो, बस्स. भिंतीवर काय लिहिलं-रंगवलं आहे आणि भिंतीसमोर काय चाललं आहे, याचा हिशोब आपणच करायचा.

रानातच कॅमेरा नेण्याचं म्हणाल तर अकिरा कुरोसावांच्या 'राशोमोन'ची (१९५०) आठवण होते. एक लाकूडतोड्या रानात शिरतो आणि त्याचे छायाचित्रकार काझुओ मियागावा कॅमेरा वर करून थेट पानांआडच्या सूर्याकडे वळवतात. दाट झाडीत उजेड पुरेना, म्हणून त्यांनी आरशांनी ऊन परतवून नटांवर पाडलं. चेहऱ्यांवर पानांच्या सावल्या नाचत राहतात. गोष्ट कशाची? एकाच गुन्ह्याच्या चार वेगवेगळ्या साक्षींची. खरं कुठलं ते ठरत नाही. अर्धं ऊन आणि अर्धी सावली घेऊन साक्ष देणारे चेहरे पाहिले की ते न सांगता पटतं.

आवाज आणि आवाजाचं नसणं

आता आवाज. आपल्याकडे बोलपट आला तो गाण्यांची पेटी घेऊनच. तरीही १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू'त एक धाडस केलं. वेगळं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेवढेच, गाण्यालासुद्धा ग्रामोफोनची साथ. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि त्या घरातलं ते जुनं घड्याळ. घड्याळ हे म्हाताऱ्याचंच रूप आहे, हे कुणी समजावून सांगत नाही, पण आपल्या आज्यांना ते कळलं होतं.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) दुर्गा गेल्यावर बाप परगावाहून येतो. त्याला काही ठाऊक नसतं. मुलीसाठी आणलेली साडी तो काढून दाखवतो आणि आई कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, कापत जाणारा स्वर येतो. संगीत पंडित रविशंकरांचं. खरं रडणं ऐकलं असतं तर ते त्या आईचं एकटीचं राहिलं असतं. वाद्याच्या स्वरात ते ज्याच्या त्याच्या घरचं होतं.

'सैराट'च्या (२०१६) शेवटी तर आवाजच काढून घेतला आहे. ते लहान मूल रडतं, दाराबाहेर चालत येतं, त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटतात, आणि चित्रगृहात काहीही ऐकू येत नाही. दोन-अडीच तास 'झिंगाट'वर नाचलेलं थिएटर त्या वेळी कसं बसलं होतं, ते आठवा.

आणि 'आक्रोश'. १९८० सालचा, गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. 'अंकुर'चं छायाचित्रण त्यांचंच होतं. लेखन विजय तेंडुलकरांचं. लहान्या भिकू नावाच्या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. पहिल्याच प्रसंगात त्याला बेड्या घालून तिच्या चितेला अग्नी द्यायला आणतात. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी तळमळीनं विचारत राहतो, काय झालं ते सांग. लहान्या एक अक्षर बोलत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, ओम पुरींच्या त्या डोळ्यांशी थांबतो, आणि परत येतो. खटलाभर तो गप्पच. शेवटी बाप मरतो, पुन्हा चिता, पुन्हा बेड्या. तेव्हा हा माणूस कुऱ्हाड उचलून स्वतःच्या तरुण बहिणीला मारतो, कारण बायकोच्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला येऊ नये. आणि मग तो आभाळाकडे तोंड करून किंचाळतो. चित्रपटाचं नाव काय आहे, ते आपल्याला तेव्हा ऐकू येतं.

तो आवाज भेदक आहे, तो आधीच्या दोन तासांच्या गप्प राहण्यामुळे. पहिल्या प्रसंगात ओरडला असता तर आपण 'बिचारा' म्हणून मोकळे झालो असतो.

काउंटरच्या आतून

हा चित्रपट मी १९८१ मध्ये नागपूरला पाहिला. बँकेत नुकताच लागलो होतो. मित्रांबरोबर पहाटेपर्यंत चर्चा केली. लहान्याचं मौन, व्यवस्था, शोषण... आमच्या तोंडाला फेस आला. वही भरून टिपणं काढली.

चार वर्षांनी माझी बदली गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पलीकडच्या एका शाखेत झाली. जिल्हा तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा काढलेला. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही बैलजोड्या, शेळ्या यांसाठी कर्जं देत असू. जनावराचा विमा असे आणि त्याच्या कानात धातूचा बिल्ला. जनावर मेलं तर पशुवैद्याचा दाखला, पंचनामा आणि तो बिल्ला आणायचा, मग विमा मिळायचा.

ऑगस्टच्या एका दुपारी एक माडिया माणूस शाखेत आला. नाल्यांना पूर, एसटी बंद, बहुधा दोन दिवस चालत आला असावा. त्यानं पळसाच्या पानांत बांधलेली पुडी काउंटरवर ठेवली आणि उभा राहिला. मी पुडी उघडली. आत बैलाचा कापलेला कान होता, बिल्ल्यासकट.

मी फॉर्म पुढं ओढला. बैल कधी मेला? कशानं? डॉक्टरांचा दाखला कुठं आहे? पंच कोण होते? वेळेत का कळवलं नाही? तो माझ्याकडे बघत राहिला. मी आवाज चढवून तेच प्रश्न पुन्हा विचारले. एक अक्षर नाही. माडिया जाणणारा आमचा शिपाई टपाल घेऊन गेलेला होता. मी त्याची वाट पाहिली नाही. रकान्यात लिहिलं, 'कर्जदार समाधानकारक खुलासा करू शकला नाही.' पुढं दावा नामंजूर झाला.

शिपाई परत आल्यावर मी त्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, तो बोलला असता. पण तुम्ही त्याला विचारलं कुठं? तुम्ही तर फॉर्म वाचून दाखवत होता."

ज्यानं लहान्याच्या मौनावर पहाटेपर्यंत भाषण ठोकलं होतं, त्याच्यापुढं लहान्या येऊन उभा राहिला तर त्याला ओळखता आला नाही. ही कबुली द्यायला मला फार वर्षं लागली. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ झाली. त्या यादीत त्याचंही नाव असेल, असं मी मनाला समजावत आलो आहे. तोवर माझी बदली झाली होती.

निवृत्त झाल्यावर 'आक्रोश' पुन्हा पाहिला आणि या वेळी टिपणं काढली नाहीत. नुसता विचार केला, माझा तो प्रसंग कुणी चित्रित केला तर कसा करील?

कॅमेरा माझ्या खुर्चीमागं ठेवला तर काउंटरच्या जाळीतून तो माणूस दिसेल, गजांआड, आरोपीसारखा. मी त्या दिवशी तेवढंच पाहिलं. कॅमेरा त्याच्या खांद्यामागं नेला तर गजांआड मी असेन, मागं कुलूपबंद कपाट आणि हलणारे ओठ. आवाज पंख्याचा, टंकलेखन यंत्राचा, शिक्क्याचा, बाहेरच्या पावसाचा. त्याच्या बाजूनं ऐकलं तर माझी मराठीही त्या खडखडाटातलाच एक आवाज असेल. रंग सगळे मळके, लेजरचं लाल कापडी बांधणी सोडलं तर. आणि मधोमध काउंटरवर ओल्या पळसाचा हिरवा. त्या खोलीत साक्ष देत होता तो एवढा एक रंग. दोन दिवसांच्या पावसातून, कान भिजू नये म्हणून किती निगुतीनं बांधलेली होती ती पुडी! खुलासा तोच होता आणि तो माझ्यापुढं ठेवलेला होता. मी मात्र तो शब्दांत मागत बसलो.

आज रविवार. दुपारी घरात टीव्ही लागेलच. मुलांबरोबर एक छोटा खेळ करून पाहा. आवडत्या चित्रपटातला एकच प्रसंग निवडा आणि तो तीनदा पाहा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग त्यांना विचारा, कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा होता? कुणाचा चेहरा दाखवलाच नाही? कोण गप्प होतं, आणि ते गप्प असताना काय ऐकू येत होतं? पोरं अशी उत्तरं देतील की तुम्ही थक्क व्हाल.

ताडोबाहून परतताना नातीला ही बैलाच्या कानाची गोष्ट सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, तो बैल कुठल्या रंगाचा होता?"

"पांढरा," मी लगेच म्हणालो. "उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं."

"आणि तो माणूस?"

बैलाचं वर्णन फॉर्मवर होतं, म्हणून आठवतं. त्या माणसाच्या सदऱ्याचा रंग मला सांगता आला नाही. त्याचा आवाज तर मी ऐकलाच नव्हता.